बारा जणांतली मी

अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ घेतली आणि दुसऱ्याच वर्षी ज्यूरीचं समन्स पोस्टाने घरी आलं. ज्यूरी म्हणजे खटला ऐकून दोषी की नाही ते ठरवणारी साधी माणसं. ग्रीन कार्डवर होते तोवर ज्यूरीत बसताच येत नव्हतं, तिथे नागरिकच लागतो. ऑफिसातून रजा काढून मी न्यू जर्सीतल्या न्यू ब्रन्सविकच्या कोर्टात गेले.

निवडीच्या वेळी न्यायाधीशांनी विचारलं, "साक्षीदार पोलीस आहे, एवढ्यावरून त्याच्या बोलण्यावर जास्त विश्वास ठेवाल का?" माझे मामा साताऱ्याला हवालदार होते. ते मी सांगितलं, आणि इथे मात्र ऐकल्याशिवाय ठरवणार नाही, असंही म्हटलं. वकिलांना ठरावीक संख्येपर्यंत माणसं कारण न देता नाकारता येतात. शेजारचे दोघे उठून गेले, मी राहिले. आम्ही चौदा जण बसलो.

खटला दुकानफोडीचा होता. आरोपी विशीतला मुलगा. तो चार दिवस गप्प बसून होता, साक्षीला उभाच राहिला नाही. मला तेच खटकत राहिलं. आपल्याकडे लहानपणापासून ऐकलेलं असतं, खरा असशील तर बोल ना! शेवटी न्यायाधीशांनी आम्हाला बजावलं की न बोलणं हा त्याचा हक्क आहे, पाचव्या घटनादुरुस्तीने दिलेला, आणि त्याचा अर्थ त्याच्या विरुद्ध लावायचा नाही. सिद्ध करायचं ते सरकारी वकिलाने, तेही वाजवी शंका उरणार नाही इतकं.

मग चिठ्ठ्या काढून दोघांना राखीव म्हणून बाजूला केलं. उरलो बारा.

दार बंद झाल्यावर हात वर करून पहिला कौल घेतला. दोषी म्हणणारे नऊ, त्यात मी. एक निवृत्त शिक्षिका शांतपणे म्हणाल्या, "तो बोलला असता तर तुमचं मत बदललं असतं का?" मला हो म्हणावं लागलं, आणि म्हणताना कळलं की मी पुरावा तोलतच नव्हते. त्याच्या गप्प बसण्याला मी पुरावा धरलं होतं. कॅमेऱ्यात दिसत होता टोपीखाली झाकलेला चेहरा. ओळख पटवणारा साक्षीदार एकच, रात्रीच्या वेळी, रस्त्याच्या पलीकडून. आम्ही ते चित्रीकरण पुन्हा मागवून पाहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकेक हात खाली येत गेला.

त्या रात्री मला टिळकांचा 1908 चा खटला आठवत होता. मुंबई हायकोर्टात नऊ जणांची ज्यूरी, सात विरुद्ध दोन, आणि शिक्षा सहा वर्षं काळ्या पाण्याची. दोघांची शंका मोजलीच गेली नाही. अमेरिकेतही ऑरेगनमध्ये दहा विरुद्ध दोन मतांवर माणूस दोषी ठरायचा. 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सहाव्या घटनादुरुस्तीप्रमाणे गंभीर गुन्ह्यात दोषी ठरवायला एकमतच हवं. आपल्या वर्तमानपत्रांत "संशयाचा फायदा देऊन सुटका" असं छापतात, जणू कुणी मेहेरबानी केली. मला आता तो शब्द पटत नाही. शंका उरली तर सुटणं हा त्याचा हक्कच होता.

निकाल वाचला गेला: दोषी नाही. निरपराध आहे असं नव्हे, सिद्ध झालं नाही, इतकंच. नंतर आम्हा एकेकाला विचारलं गेलं, हाच तुमचा निर्णय का? माझा नंबर सातवा होता. मी त्या मुलाकडे बघून "हो" म्हटलं.