लोकल जाईपर्यंतची ओळ

आमच्या कळव्याच्या शाळेत कविता म्हणायला उभं राहिलं की मध्ये लोकल यायचीच. रुळांकडच्या खिडक्यांना तावदानं नव्हती. गाडी आली की मराठीच्या बाई हात वर करायच्या. ओळ असेल तिथे थांबायची आणि शेवटचा डबा गेला की पुढचा शब्द त्याच पट्टीत उचलायचा. ‘पुन्हा पहिल्यापासून’ ही सवलत नव्हती. मालगाडी आली तर हाल! वर्ग फिदीफिदी हसायला लागायचा आणि आपण तोंडात अर्धी ओळ धरून उभे.

२००३ साली दहावी झालो. पुढची दहाएक वर्षं नोकरीत गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मग नोकरी सोडून मी ‘स्पोकन वर्ड’ कवी, म्हणजे मंचावर उभं राहून म्हणायच्या कविता करणारा, झालो. आप्पांना ते समजावता समजावता दमलो. शेवटी तेच म्हणाले, “म्हणजे शाहीरच की!” अमर शेखांना प्रत्यक्ष ऐकलेला माणूस, त्यांना चूक कसं म्हणू?

पहिल्या स्लॅमला, म्हणजे कविता म्हणण्याच्या स्पर्धेला, ऐटीत हलगी घेऊन गेलो आणि बाद झालो. शिकागोच्या ग्रीन मिल क्लबात १९८६ मध्ये मार्क स्मिथ या बांधकामावर काम करणाऱ्या कवीने रुजवलेला हा प्रकार. कविता स्वतःची हवी, वेळ तीन मिनिटं, वर दहा सेकंदांची सूट, त्यापुढे गुण कापले जाणार. वाद्य चालत नाही. प्रेक्षकांतूनच निवडलेले पाच परीक्षक दहापैकी गुण देतात, त्यांतला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा वगळून बाकीच्यांची बेरीज करतात. हे सगळं मला बाद झाल्यावर कळलं.

पुढच्या खेपेला हलगी घरी ठेवली. कवितेच्या मधोमध थांबलो आणि मनातल्या मनात बारा डब्यांची एक गाडी जाऊ दिली. एकेक सेकंद मोजून वापरायचा तिथे सहा सेकंद गप्प उभा राहणारा मी एकटाच. दुसरा आलो.

माझ्या स्वतःच्या कार्यक्रमांत मात्र हलगी असतेच. पावसाळ्यात तिचं कातडं सैल पडतं, शेकावं लागतं. कॅफेत जाळ कुठला पेटवणार? हेअर ड्रायर बाळगतो. जुने हलगीवाले बघतील तर हसतील! पैशांचं म्हणाल तर कवितेपेक्षा जाहिरातींच्या जिंगल्सनी आणि मुलांच्या कार्यशाळांनी घर चालवलं. त्याची मला लाज वाटत नाही.

कार्यशाळेत मुलं घाईघाईने ओळी ओतत सुटतात, तेव्हा माझा हात आपोआप वर जातो.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या संध्याकाळी तिच्याच सभागृहात मी दोन कविता म्हणणार आहे. तिथे आता सरकत्या काचा बसवल्यात असं ऐकतो. रुळांकडच्या काचा उघड्या ठेवा, एवढीच विनंती मी संयोजकांना केली आहे. मालगाडी आली तर जरा वेळ लागेल. बसून राहा.