सव्वाशेला उतरवायचं

आमच्या वसईच्या घरी मोठ्याचं मटण म्हणजे कुकरच्या सहा शिट्ट्या. त्याआधी आलं-लसूण, व्हिनेगर आणि बॉटल मसाला (बाटलीत ठासून ठेवलेला आमचा घरचा मसाला) लावून ते दोन तास मुरत पडायचं. शिट्ट्या झाल्या की आई एक तुकडा चमच्याने दाबून बघायची आणि बहुतेक वेळा म्हणायची, "अजून दोन." म्हशीचं मांस ते, त्याला तेवढं लागतंच. २०१५पासून महाराष्ट्रात बैलाचंही बंद झालं, त्यामुळे आता तिथे मिळतं ते म्हशीचंच. अशा घरात वाढलेल्या बाईने ह्यूस्टनमधल्या आपल्या मागच्या अंगणात दीड इंच जाड रिबआय, म्हणजे गुराच्या मांसाचा काप, नुसतं मीठ लावून भाजायचं आणि आतून गुलाबी असतानाच उतरवायचं ठरवलं, तर तिचा हातच तिच्या आड येणार. माझा आला.

खूळ डोक्यात शिरलं ते लग्नाच्या वाढदिवसाला. एका स्टेकहाउसमध्ये गेलो होतो. एका रिबआयचे ६८ डॉलर, आणि त्यासोबतचा भाजलेला बटाटा वेगळा, त्याचे १४. बटाट्याचे चौदा! नवरा घरी येईपर्यंत तेच बोलत होता. पण स्टेक होता मात्र अप्रतिम. बाहेरून काळपट तपकिरी, कुरकुरीत, आणि आत कडेपासून कडेपर्यंत एकसारखा गुलाबी. मी म्हटलं, हे घरी करून बघू.

पहिला प्रयत्न सांगायला लाज वाटते, पण सांगते. कोळशावर पेटवायचं तेल भरपूर ओतलं, ज्वाळा उठल्या, आणि मांसाला आलं-लसणाची पेस्ट चोपडून फ्रीजमधून काढल्या काढल्या थेट आगीवर ठेवलं. पेस्ट दोन मिनिटांत जळून कोळसा झाली. चरबी वितळून खाली ठिबकली, तशी आग आणखी भडकली. कापून बघितलं तर आत थंडगार कच्चं. शेवटी ओव्हनमध्ये ढकललं, आणि बाहेर आलं तेव्हा चपलेचा तळवा झाला होता. वर त्याला रॉकेलसारखा वास. मुलाने मुकाट्याने सीरियल खाल्लं.

दुसऱ्या वेळी मी नीट वाचलं, विचारलं, आणि एक गोष्ट विकत घेतली: मांसात खुपसायचा थर्मामीटर. अठरा डॉलर. यात एकच गोष्ट घ्यायची असेल तर ती हीच, बाकी चिमटे आणि ब्रश राहू द्या. आणि दुसऱ्याच वेळी नेमकी आई वसईहून आलेली होती.

आधी मांसाबद्दल. रिबआय हा गुराच्या पाठीकडचा, सहाव्या ते बाराव्या बरगडीच्या पट्ट्यातला तुकडा. या स्नायूला चालण्याचे फार कष्ट नसतात, म्हणून तो मऊ, आणि त्यात चरबीच्या पांढऱ्या बारीक रेघा संगमरवरासारख्या पसरलेल्या असतात. इथे सरकारी दर्जा मुख्यतः त्या रेघांवरूनच ठरतो: प्राइम सगळ्यात वर, मग चॉइस, मग सिलेक्ट. महागडे स्टेकहाउसवाले बहुतेक प्राइम वापरतात. मी काउंटरवरच्या माणसाकडून चॉइसमधलेच पण भरपूर रेघांचे दोन तुकडे दीड इंच जाडीचे कापून घेतले. आयत्या पॅकेटातले पाऊण इंचाचे घ्यायचे नाहीत. बाहेरून रंग येईपर्यंत ते आतून शिजून जातात, मग तुम्ही कितीही हुशार असा.

शुक्रवारी रात्री मीठ लावलं. पाउंडाला साधारण चमचाभर खडबडीत मीठ, दोन्ही बाजूंना आणि कडांनाही. मग जाळीवर ठेवून, वर काहीही न झाकता, फ्रीजमध्ये. आईने फ्रीज उघडला आणि तिथेच थबकली.

"उघडंच ठेवलंस? नि मसाला?"

"मसाला नाही लावायचा, आई."

"लिंबू तरी?"

"नाही."

ती काही बोलली नाही. पण दार लावताना तिने जो आवाज केला त्यात सगळं आलं.

मिठाचं असं की ते आधी मांसातलं पाणी बाहेर खेचतं. अर्ध्या तासात वर थेंब दिसतात, आणि नेमक्या त्या वेळी भाजायला घेतलं तर सगळ्यात वाईट, कारण ओलं मांस भाजत नाही, वाफवतं. पण थांबलात तर ते खारट पाणी परत आत जातं आणि चव आतपर्यंत पोचते. फ्रीजच्या कोरड्या हवेत वरचा पापुद्रा सुकतो. सकाळी बघितलं तर तुकडे गडद लाल आणि चामड्यासारखे कोरडे. आई म्हणाली, "खराब झालं गं." मला आतून थोडं तसंच वाटत होतं, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही.

कोरडेपणाचं एवढं कौतुक का, तर तो तपकिरी रंग. लुई कामी मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली ज्या प्रक्रियेबद्दल लिहिलं, तीच ही. प्रथिनं आणि साखर उष्णतेत एकत्र येऊन शेकडो नवे वास-चवी तयार करतात. आपला कांदा परतताना, पाव भाजताना हेच होतं. पण पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तापमान शंभर सेल्सिअसच्या फार वर जात नाही, आणि या प्रकाराला जोर येतो तो १४०च्या आसपास. म्हणून आधी पाणी घालवायचं. जाता जाता एक: कडक आच दिल्याने मांसातला रस "आत बंद होतो" असं जे सगळे म्हणतात ते खरं नाही. रस सुटायचा तो सुटतोच. आच लागते ती फक्त चवीसाठी.

शनिवारी साडेपाचला कोळसा पेटवायला घेतला. या वेळी तेल नाही. चिमणी स्टार्टर म्हणून पत्र्याचं एक नळकांडं मिळतं, खाली वर्तमानपत्राचे बोळे, वर कोळसा. वीसेक मिनिटांत वरच्या कोळशावर राख धरते. मी मेस्किटचा कोळसा घेतला होता. टेक्ससमधलं हे काटेरी झाड आपल्याकडच्या वेड्या बाभळीचं सख्खं भावंड. आईला झाडाचा फोटो दाखवला तर म्हणाली, "शी, हे तर कुंपणाला असतं." हा कोळसा कडक जळतो पण ठिणग्या फार उडवतो. पायात चप्पल हवीच.

आमचा ग्रिल म्हणजे तो गोल, झाकणाचा, तीन पायांचा. शिकागोजवळच्या एका पत्र्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफनने १९५२ साली समुद्रात तरंगत ठेवतात तो धातूचा बोया मधोमध कापून पहिला असा ग्रिल बनवला. हे कळल्यावर मात्र आईला त्याच्याबद्दल जरा आपुलकी वाटली. बोये तिने जन्मभर पाहिलेत.

सगळा कोळसा एका बाजूला सरकवला. दुसरी बाजू रिकामी. मांस रिकाम्या बाजूला, झाकण बंद, झाकणाची भोकं मांसाच्या वर येतील अशी. आत साधारण २५० फॅरनहाइट (पुढचे आकडेही फॅरनहाइटचेच). म्हणजे आधी हळूहळू आतून गरम करायचं आणि रंग शेवटी आणायचा, माझ्या पहिल्या प्रयत्नाच्या बरोबर उलट.

आणि मग काहीच करायचं नाही. हे सगळ्यात अवघड. झाकण उघडून बघावंसं वाटतं, उलटावंसं वाटतं, तेल लावावंसं वाटतं. चूल पेटलेली आणि बाई रिकामी बसलेली, हे आमच्या घरात कुणी पाहिलेलंच नाही. पंच्याण्णव डिग्रीची ह्यूस्टनची दमट संध्याकाळ, अगदी वसईच्या मेसारखी. मी आणि आई खुर्च्या टाकून बसलो. दहाव्या मिनिटाला ती म्हणाली, "परतत नाहीस?" सत्राव्या मिनिटाला, "जळलं बघ." मी एकदाच उलटलं. आतमध्ये बटाटे तासभर ओव्हनमध्ये होते, चारशेला, ते नवऱ्याकडे. चौदा डॉलरचा राग तो अजून काढत होता.

अठ्ठावीस मिनिटांनी आतलं तापमान ११५. तुकडे बाहेर काढले. करडट, मरतुकडे, कुणालाही खावेसे न वाटणारे. यांनाच आता कोळशाच्या बरोबर वर ठेवायचं. झाकण उघडं. चरबी ठिबकली, भडका उडालाच. आई पाण्याचा तांब्या घेऊन उठली. तिला थांबवलं, कारण पाण्याने राख उडून मांसावर बसते. तुकडे चिमट्याने पुन्हा थंड बाजूला ओढले, ज्वाळा बसेपर्यंत थांबले आणि परत वर ठेवले. दर अर्ध्या मिनिटाला उलटत. कडेची चरबीची पट्टी चिमट्यात उभी धरून वेगळी भाजली. तीनेक मिनिटांत तो रंग आला. थर्मामीटर १२५. उतरवलं.

उतरवल्यावरही आतलं तापमान चढत राहतं. आठ मिनिटं लाकडी पाटावर ठेवलं तेवढ्यात १३१ झालं. मीडियम रेअर म्हणतात ते १३० ते १३५चं. इथलं कृषी खातं अख्ख्या तुकड्यासाठी १४५ आणि वर तीन मिनिटं विश्रांती सांगतं. घरात म्हातारं माणूस किंवा गरोदर बाई असेल तर तेच ऐकावं. आईचा तुकडा म्हणून मी परत ठेवला आणि १६०पर्यंत नेला.

पण त्याआधी तिने माझा तुकडा कापताना पाहिला होता. पाटावर लालसर पाणी आलं.

"रक्त आहे, रक्त!"

ते रक्त नसतं. रक्त कत्तलखान्यातच निघून जातं. तो मायोग्लोबिनचा रंग, स्नायूत प्राणवायू साठवणारं प्रथिन, पाण्यात मिसळलेलं. मी समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि खुर्ची थोडी लांब सरकवली.

मसाला शेवटी आलाच, पण तिच्यामुळे. आईने उन्हाळ्यात भाजून-कांडून बिअरच्या तपकिरी बाटल्यांत ठासलेल्या मसाल्यातली एक बाटली बॅगेत कपड्यांमध्ये गुंडाळून आणली होती. मी चार चमचे लोणी घेतलं, एक पाकळी लसूण किसून, कोथिंबीर आणि पाव चमचा तो मसाला. आगीवर तो जळला असता. गरम स्टेकवर लोण्यातून वितळला तेव्हा मात्र काय वास सुटला! स्टेकहाउसमध्ये हे नव्हतं. खोटं कशाला बोलू, त्यांची कडक आच माझ्याकडे नाही आणि त्यांच्याइतका एकसारखा रंगही आला नाही, एका कोपऱ्यात जरा फिकाच राहिला. पण आत कडेपासून कडेपर्यंत गुलाबी होतं. मुलाने सीरियल मागितलं नाही.

आईने तिचा तुकडा खाल्ला, "बरं आहे" म्हणाली, आणि मग माझ्या ताटातली ती कुरकुरीत चरबीची पट्टी उचलून नेली. ती मात्र दोनदा.

अर्धा स्टेक उरला होता. दुसऱ्या दिवशी पातळ काप करून सँडविच करायचं मी मनात ठरवलं होतं. सकाळी उठले तर घरभर कांदा आणि व्हिनेगरचा वास. कढईत बटाट्याच्या फोडी, बॉटल मसाला, आणि त्यात बारीक चिरलेला माझा मीडियम रेअर रटरट शिजतोय. झाकणावर पाणी ठेवलेलं.

"किती वेळ झाला?" मी विचारलं.

आईने चमच्याने एक तुकडा दाबून बघितला. "अजून दहा मिनिटं," ती म्हणाली. "पाव आण."