भोपळ्यात आधीच म्हातारी बसलीये : परीकथांच्या वहीतली नवी नोंद

मंडळी, पावसाळा संपला, आता पार्किंगमध्ये पुन्हा सतरंजी पडायला लागली. मागच्या नोंदीनंतर बरंच काही बदललंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. नव्यांसाठी एवढंच : युरोपातल्या जुन्या परीकथा बालवाडी ते दुसरीच्या पोरांना हसतखेळत सांगायच्या, हा माझा उद्योग. जागा, नाशिकच्या गंगापूर रोडवरची आमची सोसायटी. हातात पुस्तक नाही, बाहुल्या नाहीत.

सिंड्रेलाला स्कूटी आणि हिमगौरीच्या सावत्र आईला आरशाऐवजी मोबाईल, हा प्रकार मी आता पूर्ण बंद केलाय. मागे उभ्या असलेल्या आया हसतात, सतरंजीवरची पोरं ढिम्म. स्कूटी त्यांच्या घरी आहेच, त्यात कसली आलीय गंमत? पोरं खरी उसळतात ती ओळखीच्या गोष्टीतलं माणूस भलत्याच गोष्टीत घुसलं की. त्या वयात हातात असतात चारपाच गोष्टी, पण त्या अगदी पक्क्या पाठ. चिमणीचं घर मेणाचं, कावळ्याचं शेणाचं. आणि चल रे भोपळ्या टुणूक टुणूक. यंदाचं सगळं काम ह्या म्हातारीच्या खांद्यावर टाकलंय, आणि बाई दमत नाही.

सिंड्रेलापासून सांगते. भोपळ्याची गाडी ही फ्रेंच लेखक शार्ल पेरोची, १६९७ सालची. ग्रिम बंधूंच्या सिंड्रेलाकडे भोपळा नाहीच, तिथं आईच्या थडग्यावरचं झाड आणि पाखरं तिला कपडे देतात. मी पेरोचाच घेते, कारण मराठी पोराला भोपळा म्हटलं की आत कोण हे आधीच माहीत असतं. परी सांगते, मळ्यातून भोपळा आण. सिंड्रेला भोपळा उचलते, आतून आवाज येतो, “कोण गं ती? हळू!” आणि सतरंजीवरून एकच गलका, “म्हाताsssरी!”

पुढचं आपोआप सुचत गेलं. म्हातारी म्हणते, “लेकीकडून निघालेय. राजवाड्यावरनंच जाते, बस, सरकून बस.” मग उंदीर येतात घोडे व्हायला, तेही आत. सारथी येतो, तोही आत. शालिमारच्या शेअर रिक्षासारखं “अजून एक सीट, अजून एक सीट” चालू होतं आणि पोरं एकमेकांना ढकलत खरोखर सरकत बसतात. इथं पाचेक मिनिटं सहज जातात. जाऊ द्यावीत.

अडचण दोन ठिकाणी आली, दोन्ही पोरांनीच काढल्या. दुसरीतला एक शहाणा म्हणाला, “मावशी, पण बारा वाजता गाडीचा भोपळा कसा होणार? तो भोपळाच आहे ना?” बिनतोड. आता बारा वाजले की म्हातारीच ओरडते, “ए पोरी, चल, माझी तूपरोटी गार होतेय!”

दुसरा प्रश्न चार वर्षांच्या मुलीचा : “ती चप्पल बाहेर काढून नाही गेली?” आपल्याकडे कोण चप्पल घालून दुसऱ्याच्या घरात जातं! म्हणजे राजपुत्राला पायरीवर एक बूट सापडणार नाही, दाराशी चपलांचा ढीगच सापडेल. म्हणून हल्ली गोष्ट तिथं आली की सगळ्यांच्या चपला मधोमध गोळा करते आणि राजपुत्र होऊन बसते. चिखल वाळून पांढरा पडलेले सँडल, टाच आपटली की लाल दिवे लागणारे बूट, अंगठा तुटून सुतळीनं बांधलेली एक चप्पल. एकेक उचलायची, भलत्याच पायात घालायची, आणि गंभीरपणे म्हणायचं, “हीच माझी राणी.” तीन वर्षांचा पोरगा राणी झाला की बाकीचे लोळतात. शेवटी लग्न होतं की नाही हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

आता ह्या मोसमातलं खरं घबाड. तीन डुकरं.

आपल्याला गवताचं, काटक्यांचं, विटांचं घर आणि धुराड्यातून पडलेला लांडगा एवढंच माहीत असतं. जोसेफ जेकब्सच्या इंग्रजी परीकथांच्या १८९० च्या संग्रहात विटांच्या घरानंतर आणि धुराड्याआधी मोठा ऐवज आहे, बहुतेक चित्रपुस्तकं तो गाळतात. लांडगा घर पाडू शकत नाही, तेव्हा गोड बोलायला लागतो. उद्या सकाळी सहाला सलगमच्या शेतात जाऊ म्हणतो. डुक्कर पाचलाच जाऊन येतं. मग सफरचंदांसाठी पाचची वेळ ठरते, डुक्कर चारलाच निघतं. मग लांडगा जत्रेचं आमंत्रण देतो. डुक्कर आधीच जाऊन लोणी काढायचं पिंप विकत घेतं, येताना टेकडीवर लांडगा दिसतो, घाबरून ते पिंपात लपतं, पिंप कलंडतं आणि डुकरासकट गडगडत खाली! लांडगा भिऊन पळून जातो.

वाचताना मी उडालेच. आत कुणीतरी बसलंय, गोल वस्तू गडगडतेय, खाणारा हात चोळत राहतोय. ही तर आपली म्हातारीच. कुणाची गोष्ट कुणाकडून आली ह्या वादात मला पडायचं नाही. पोरांना मात्र क्षणात कळलं. मी फक्त “पिंप गडगडायला लागलं...” एवढं म्हणून थांबले, आणि चाल त्यांनीच लावली : “चल रे पिंपा गडगड गडगड!”

त्यामुळे मधला भाग सगळा परत आणलाय, नाशिकला बसवून. सलगम कुणाला माहीत नाही, म्हणून मखमलाबादच्या मळ्यात द्राक्षं. तिथं कोल्हा आधीच बसलेला असतो, तोंड वाकडं करून, “आंबट आहेत.” जत्रा कालिकेची, नवरात्रातली. गडगडायला उतार हवा, तो पांडवलेणीच्या डोंगराचा. पायऱ्या चढताना धापा टाकलेल्या असतात, त्यामुळे तिथून पिंप सुटलं की काय वेगानं येईल ते पोरांना अंगानं कळतं. वेळेचा खेळ मात्र मुळातला जसाच्या तसा ठेवलाय, सहा-पाच, पाच-चार. सहा वर्षांच्यांना तो भारी आवडतो. तीन वर्षांच्यांना घड्याळ कळत नाही, त्यांच्यासाठी लांडगा दर वेळी धापा टाकत येतो आणि म्हणतो, “परत उशीर!” तेवढं पुरतं.

धुराड्याचा शेवट मी करत नाही. जेकब्सकडे लांडगा उकळत्या भांड्यात पडतो आणि डुक्कर त्याला जेवणात खातं. मला त्यात वावगं काही वाटत नाही, पोरांनाही वाटलं नसतं. पण आपल्या घरांना धुराडंच नाही, आणि ते समजावत बसलं की हसू मरतं. त्याऐवजी लांडगा दार वाजवतो आणि आतून चिमणीचं उत्तर येतं : “थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते.” मग पावडर लावते, मग तीट लावते, मग झोपवते. हे सगळं पोरं म्हणतात, मी लांडगा. मी दाराशी पेंगायला लागते.

लाल टोपीवाली थोडक्यात. टोपीची माकडटोपी केली, थंडीत निम्मे श्रोते तीच घालून येतात. लांडग्यानं आजीची माकडटोपी चढवली की कान झाकले जातात, म्हणजे “आजी, तुझे कान एवढे मोठे कसे?” हा सवालच बाद. त्याऐवजी “आजी, तुझे कान कुठे गेले?” लांडगा गोंधळून स्वतःच शोधायला लागतो. लांडग्याचा बिबट्या करा असं दोघातिघांनी सुचवलं. नाशिकमध्ये नको. बिबट्याच्या बातम्या इथं पोरांच्या कानावर खरोखरच्या पडतात, आणि खऱ्या भीतीवर मला विनोद चढवायचा नाही. लांडगा बरा, तो गोष्टीतलाच आहे.

तीन अस्वलांना मिसळ द्या, हा आग्रह तर प्रत्येकाचा. मी लापशीच ठेवली. मिसळ म्हटलं की तर्री, पाव, कुठली चांगली यावरच गाडी घसरते. लापशीवर नुसतं तीन आवाजांत फुंकायचं असतं, बाबा अस्वलाचं वादळ, आईची झुळूक, बाळाची थुंकी. मात्र एक बदल केलाय, आणि तो बदल म्हणण्यापेक्षा परतफेड आहे. इंग्रज कवी रॉबर्ट साउदीनं १८३७ मध्ये ही गोष्ट छापली तेव्हा घरात घुसणारी सोनेरी केसांची मुलगी नव्हती, एक म्हातारी होती. मुलगी नंतर झाली. मी म्हातारी परत आणली, अर्थात आपलीच. दारात भोपळा लावून आत येते, लापशी चाटूनपुसून खाते, “लठ्ठमुठ्ठ व्हायला पाहिजे ना” म्हणते आणि झोपते.

बेडकाचा राजपुत्र अडकलाय. ग्रिमकडे राजकन्या त्याला भिंतीवर आपटते तेव्हा तो माणूस होतो, मुका वगैरे काही नाही. आपटणं पोरांना इतकं आवडलं की पुढचं ऐकायलाच कुणी तयार नव्हतं.

आता हातात वाटाण्यावरची राजकन्या आहे, डॅनिश लेखक अँडरसनची, १८३५ सालची. वीस गाद्या आणि वर वीस पिसांच्या रजया, माझ्याकडे सगळ्या गोधड्या. मोजणी पोरांकडून करून घ्यायची आणि मध्येच मी चुकीचा आकडा म्हणायचा, म्हणजे ओरडून दुरुस्त करतात, एवढं ठरलंय. म्हातारी कितव्या गोधडीत झोपलेली सापडते, ते ठरायचंय.

एक मदत हवी. म्हातारीला वाटेत कोण कोण भेटतं, हे घराघरांत वेगळं आहे. आमच्याकडे कोल्हा, लांडगा, वाघ ह्या क्रमानं. खानदेशात, कोकणात, विदर्भात तुमच्या आजीनं कोणतं जनावर सांगितलं होतं आणि म्हातारी त्याला नेमकं काय म्हणायची, ते शब्द आठवतील तसे लिहा. अस्वल कुणाकडे असेल तर आधी कळवा, तीन अस्वलांचा शेवट त्यावर अडलाय.