तुम्ही विचारलंत म्हणून: नान्नजला माळढोक दिसला का?

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक पक्षी अभयारण्याचं नाव काढलं की पहिला प्रश्न ठरलेला. "माळढोक दिसला का?" नाही म्हटलं की लगेच दुसरा. "मग पक्षीच नाही तर अभयारण्य कशाला?" नातेवाईक विचारतात, ऑफिसातले विचारतात, पुण्याहून मोठमोठ्या लेन्स घेऊन येणारे विचारतात. आजवर मी थोडक्यात आटपून विषय बदलत आले. आता एकदा सगळं लिहून टाकते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. नाही दिसला. अलीकडच्या वर्षांत इथे दिसलाच तर एखाददुसरा, तोही क्वचित. देशात मिळून दीडशेच्या आसपास उरलेत, त्यातले बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडे. शनिवारी सकाळी निघू, माळढोक बघू आणि संध्याकाळी घरी, असा बेत करून कुणी येऊ नका.

पण "नाही" म्हटल्यावर तुमच्या चेहऱ्यावर जी कीव उमटते ना, तिचा मला त्रास होतो. जणू माझी सकाळ फुकट गेली. पवन्या आणि कुसळीच्या गवतात काळविटांचा कळप होता. धाविक पक्षी थोडं पळत होता, थांबत होता, पुन्हा पळत होता. हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्या हे शिकारी पक्षी गवताला पंख लागतील इतक्या खालून फिरत होते. लांडगी होती, तिच्यामागे जवळजवळ तिच्याएवढी झालेली दोन पिल्लं. सोलापूरहून बार्शी रस्त्याने वीसेक किलोमीटरवर लांडगा उघड्या माळावर दिसतो, आणि कुणी मला "लांडगा दिसला का?" असं विचारत नाही.

दर पावसाळ्यात आणखी एक गोष्ट होते. कुणीतरी चांगल्या मनाने फोन करतो: रोपं तयार आहेत, माळावर लावायला येऊ का? मी नको म्हणते आणि वाईट ठरते. माळढोक जमिनीवर, उघड्यावर, एका वेळी एकच अंडं घालतो. चहूबाजूंनी लांबवर दिसलं तरच त्याला सुरक्षित वाटतं. दुष्काळी कामांच्या काळात माळांवर ग्लिरिसिडियासारखी झाडं लावली गेली, तिथे त्याच्या कामाचं काही राहिलं नाही. सरकारी नोंदीत माळ पडीक, म्हणून ज्याला जे करायचं त्याला ती जागा रिकामी वाटते. गवत ही माळावरची पूर्ण वाढलेली गोष्ट आहे, तिथे काही कमी पडलेलं नाही, हे मी किती जणांना समजावलं असेल.

आता दुसरा प्रश्न. अभयारण्य कशाला. तो मला सगळ्यात आधी ज्यांनी विचारला त्यांचं नाव मी लिहीत नाही, गावाचंही नाही. आबा म्हणते.

सोलापूरच्या पक्षिप्रेमींनी 1970च्या दशकात नान्नजचा माळढोक लोकांच्या नजरेस आणला, 1979 साली अभयारण्य झालं, आणि ते झालं 8496 चौरस किलोमीटरचं. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतले तालुकेच्या तालुके त्यात आले. गावं, बाजारपेठा, पिकाखालच्या जमिनी, सगळंच. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या मान्यतेने ते सुमारे 1222 चौरस किलोमीटरवर आलं, पण मधली कित्येक वर्षं लोकांचे जमिनीचे व्यवहार अडकून राहिले. मी आबांकडे गेले ती त्या मधल्या वर्षांत.

आम्ही माळढोकच्या गणनेच्या निमित्ताने गावोगाव फिरून जुन्या नोंदी विचारत होतो. आबा ओसरीवर बसले होते. माझ्या हातातलं चित्र बघून त्यांनी लगेच ओळखलं. लहानपणी त्यांच्या रानात कुळवताना अंडं सापडलं होतं. वडिलांनी बैल थांबवले, अंड्याभोवती काट्या रोवल्या आणि तेवढा तुकडा त्या हंगामात तसाच सोडला. "अण्णा म्हणायचे, पाखराचं बी पोट हाय." मी भराभर लिहून घेत होते. मला हवी ती गोष्ट मिळाली होती.

मग त्यांनी विचारलं, "ताई, तुमाला दिसला का हितं एवढ्यात?"

"नाही, आबा."

"मलाबी न्हाई. लई वर्सं झाली." थोडा वेळ गेला. मग म्हणाले, "मग आमची दोन एकरं कशापायी धरून ठेवलीत?"

आत त्यांच्या पत्नी झोपलेल्या होत्या. मूत्रपिंडाचा आजार, आठवड्याला सोलापूरच्या फेऱ्या. दोन एकर विकायला काढले होते, गिऱ्हाईकही आलं होतं. जमीन अभयारण्यात येते म्हटल्यावर परवानगीचा खेळ सुरू झाला आणि गिऱ्हाईक निघून गेलं. आबांनी कागदांची पिशवी आणून माझ्यापुढे ठेवली. मी सरकारी नोकर नव्हते, माझ्या सहीने काही होणार नव्हतं, हे त्यांना सांगितलं. "ते ठावं हाय मला," ते म्हणाले, "पर पाखराकडची म्हणून तुमीच येता न्हवं हितं."

मावशी उठल्या, त्यांनी चहा केला. नको म्हटलं तरी केला. चहा पिताना कुणीच बोललं नाही.

पुढच्या वर्षी गेले तेव्हा मावशी नव्हत्या. जमीन विकली गेली असती तर त्या वाचल्या असत्या, असं आबा कधी म्हणाले नाहीत. मीही म्हणणार नाही, त्या आजाराचं तसं सांगता येत नाही. पण "अभयारण्य कशाला" हे तुम्ही सोफ्यावर बसून विचारता तेव्हा मला राग येतो तो यामुळे. या प्रश्नाची किंमत दुसऱ्याच कुणीतरी मोजली आहे.

त्याआधीची मी वेगळी होते. ती म्हणायची, पक्ष्याला मत नसतं, ग्रामसभेत तो बोलू शकत नाही, म्हणून कायद्याने त्याची बाजू कडकपणे घ्यायला हवी. मी तिला म्हणते, आबांच्या वडिलांनी बैल थांबवले तेव्हा कुठला कायदा होता? ती ऐकत नाही. ती म्हणते, आणि उजनी धरणाचं पाणी आल्यावर काय झालं? माळ फुटला, ऊस आला, द्राक्षं आली. ज्या नान्नजने सोनाका जातीचं द्राक्ष दिलं त्याच नान्नजच्या वेशीवर गवताचा एवढा तुकडा शिल्लक आहे तो कायद्यानेच. त्यावर मला बोलता येत नाही. द्राक्ष लावणाऱ्याचं काय चुकलं, हेही ती मला सांगू शकत नाही. आम्ही दोघी अशाच अडून आहोत.

राजस्थानात आता अंडी उबवून पिल्लं वाढवतात. 2024 साली कृत्रिम रेतनातून एक पिल्लू जन्मलं. ती बातमी वाचून मी रडले, खरंच. उद्या तिथली संख्या वाढली तर सोडायला गवताळ माळ लागतील, म्हणून नान्नज राखून ठेवलंच पाहिजे. हे मी मनापासून मानते. तो दिवस येईल असं वचन मात्र मी कुणाला देत नाही. आणि आला नाही तरी लांडगा, खोकड, धाविक, चंडोल यांना तोच माळ लागणार आहे.

शेवटचं गेले तेव्हा आबांना मी माझं म्हणणं सांगितलं. जमीन धरून ठेवून भागणार नाही. जो शेतकरी आपला माळ नांगरत नाही, पेटवत नाही, गवत वेळेवर कापतो, त्याला सरकारने दरवर्षी त्याचे पैसे द्यावेत. पिकाला भाव असतो तसा गवत राखण्यालाही असावा.

आबांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "एकरी किती?"

तो आकडा मी तेव्हापासून अधिकाऱ्यांना, अभ्यासकांना, आमदारांच्या माणसांना विचारते आहे. अजून कुणी दिलेला नाही.