सोनोग्राफी नाही हो, बुडबुडे!

मी अल्ट्रासाउंडवर काम करते असं बिल्डिंगमधे कुणाला कळलं की पहिला प्रश्न ठरलेला, "म्हणजे सोनोग्राफी का?" एका काकूंनी तर आवाज खाली आणून विचारलं होतं, "तुझ्या लॅबमधे तो गर्भलिंग तपासणी करत नाही वाला बोर्ड लावलाय ना गं?" काकू, आमच्याकडे पेशंट नसतात, बीकर असतात, त्यात आम्ही आवाजाने नॅनो पावडर, म्हणजे अतिशय बारीक कणांची पावडर, बनवतो. पण त्यानंतर जो प्रश्न येतो तो खरंच चांगला असतो, आवाजाने नॅनो पावडर बनते तरी कशी?

तर, तुम्ही विचारलंत म्हणून.

साधारण २० किलोहर्ट्झच्या वरचा आवाज माणसाला ऐकू येत नाही, तिथून पुढे सगळं अल्ट्रासाउंड. सोनोग्राफीचा असतो काही मेगाहर्ट्झचा, हलका, जातो, आपटतो, परत येऊन खबर देतो, कुणाचं काही बिघडवत नाही. आमच्याकडेही तसं एक यंत्र आहे, द्रवातला आवाजाचा वेग मोजणारं इंटरफेरोमीटर, बीएस्सीला फिजिक्स घेतलेल्यांना आठवेल, मायक्रोमीटर फिरवत बसायचं आणि मीटरची सुई नाचली की रीडिंग घ्यायचं. २ मेगाहर्ट्झला पाण्यातली लहर पाऊण मिलिमीटरची, सुई तिच्या दर अर्ध्यावर नाचते, त्यावरून आवाजाचा वेग काढायचा (२५ डिग्रीला सेकंदाला सुमारे १४९७ मीटर) आणि वेग आणि घनता कळली की द्रव किती दाबला जातो ते कळतं. फक्त एक डिग्री इकडेतिकडे झाली की वेग अडीच-पावणेतीन मीटरने सरकतो, आणि मुंबईत मे महिन्यात एसी बंद पडला की मग बघायलाच नको.

पावडर बनवणारा वेगळा. टायटॅनियमचा दांडा, २० किलोहर्ट्झ, सरळ द्रवात बुडवायचा. ऐकू न येणारा म्हणतात पण बीकरमधून असा कर्कश किंचाळतो की कानाला मफ लावल्याशिवाय उभं राहवत नाही. आता गंमत बघा, या आवाजाची पाण्यातली लहर साडेसात सेंटीमीटरची, जवळजवळ तळहाताएवढी, आणि कण हवेत वीसेक नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). एवढ्या मोठ्या हाताने एवढं बारीक काम होणार कसं? होत नाहीच. काम करतो बुडबुडा. लहर पाण्याला ताणते तेव्हा बुडबुडे फुगतात आणि दाबते तेव्हा फटकन मिटतात, इतक्या पटकन की आतली उष्णता बाहेर पडायला वेळच मिळत नाही, आत क्षणभर ५००० डिग्रीच्या आसपास तापमान आणि हवेच्या दाबाच्या शेकडो पट दाब, आणि बाहेर बीकर कोमट. त्या भट्टीत पाण्याचे रेणू तुटतात, हायड्रोजनचे मोकाट तुकडे सुटतात आणि ते द्रवात विरघळवलेल्या सिल्व्हर नायट्रेटमधल्या चांदीच्या आयनांची (विद्युतभारित अणूंची) धातूची चांदी करतात, द्रव पिवळा होतो. १९९१ मधे अमेरिकेत सस्लिक यांच्या गटाने लोखंडाच्या कार्बोनिलवर (लोखंड आणि कार्बन मोनॉक्साइडचं संयुग) हेच केलं तर लोखंड इतकं झटकन गार झालं की अणूंना रांगेत बसायलाच वेळ मिळाला नाही, काचेसारखं बेशिस्त लोखंड तयार.

लोकांना वाटतं गरम केलं की काम अजून जोरात होईल. उलट. द्रव तापला की बुडबुड्यात वाफ भरते, ती उशीसारखी मधे येते आणि मिटण्याचा दणका कमी होतो. म्हणून बीकर बर्फात. एकदा बर्फ कमी पडला, म्हटलं चालेल, अर्ध्या तासाने पिवळ्याच्या जागी काळा गाळ, सगळी चांदी तळाला. तेव्हापासून मशीनमधला बर्फ संपला की मी सरळ मासळी बाजारातून आणते, पिशवी लोकलमधे गळते आणि लोक सरकून बसतात, सोयच होते.

माझी खरी तक्रार मात्र वेगळी आहे. शोधनिबंधात लिहितात 'अर्धा तास सोनिकेट केलं', म्हणजे द्रवात असा आवाज सोडला, आणि संपलं. किती वॅट, किती द्रव, दांडा किती बुडवला, काही नाही! यंत्रावरच्या आकड्यातली सगळी पॉवर द्रवात उतरत नाही, पाणी किती तापतं ते मोजून ती काढावी लागते, दहा मिनिटांचं काम आहे. ते कुणी सांगत नाही आणि आम्ही तीच रेसिपी महिनाभर करत बसतो. माटुंग्याच्या आयसीटीत (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) अनिरुद्ध पंडितांसारख्या लोकांनी या बुडबुड्यांवर वर्षानुवर्षं काम केलंय, म्हणजे शिकायला लांब जायला नको.

आणि हो, चष्मेवाल्याकडे ती थरथरणारी पाण्याची डबी असते ना, तिच्यातही हेच, फक्त सौम्य. ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा त्यात एक-दोन मिनिटं उभा धरा, टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडतात. दुकानदाराला आधी विचारा फक्त.