आमची वाटचाल : न झाडता येणाऱ्या रायफली

आम्ही जुन्या रायफलींच्या न झाडता येणाऱ्या प्रतिकृती बनवतो. पहिली बनवली ती ब्रिटिश सैन्याची ली-एनफील्ड, १९०७ ला आलेलं मार्क ३ मॉडेल. आम्ही म्हणजे मी, माझा भाऊ आणि एक सुतार, बस्स. फोटो बघून बघून केली होती, लांबून एकदम खरी वाटायची पण हातात घेतली की खेळणं, कारण खरी रायफल चार किलोच्या आसपास भरते आणि आमची अडीचही भरत नव्हती. एका संग्राहक काकांनी ती उचलली आणि काही न बोलता परत टेबलावर ठेवली, ते अजून आठवतं.

मग वजनाच्या मागे लागलो. आमचे धातूचे भाग जस्ताच्या मिश्रधातूचे असतात, तो ३८० अंशांच्या आसपास वितळतो म्हणून साच्यात बारीक खुणासुद्धा नीट उतरतात, पण पोलादापेक्षा हलका पडतो. आधी सगळं जादा वजन दस्त्यात घातलं तर पुढचं टोक वर जायला लागलं, खांद्याला लावली की लगेच कळायचं. शेवटी नळीच भरीव पोलादी सळईची केली, तोंडाशी फक्त दिसण्यापुरतं बोटभर भोक. वजनही जमलं आणि त्यातून गोळी जायचा प्रश्नच मिटला.

बोल्टनी, म्हणजे गोळी नळीत सरकवणाऱ्या मुठीच्या दांड्यानी, मात्र खूप दमवलं. जर्मन मौजर ९८ रायफलीत मूठ वर उचलतानाच स्प्रिंग ताणली जाते, ली-एनफील्डमध्ये बोल्ट पुढे ढकलताना, आणि आम्ही दोन्हीला सारखाच बोल्ट दिला होता! एका निवृत्त फौजी गिऱ्हाइकांनी डोळे मिटून दोन्ही चालवून दाखवले तेव्हा कळलं. तो फरक हाताला जाणवेल असा करायला आठ महिने गेले, पण माझ्या मते ज्याला इतिहास हातात धरायचाय त्याला हेच द्यायला पाहिजे, वरवरची चमक नको. लाकडालाही आता चकचकीत वॉर्निश नाही, अक्रोडाच्या दस्त्याला जवसाचं तेल हातानी चोळतो, एक हात वाळला की दुसरा.

कधीकधी फोन येतो, नळीला आरपार भोक पाडून द्या, जास्त खरी वाटेल. नाही म्हणजे नाही, कितीही पैसे दिले तरी. खऱ्या रायफलीचे पार्ट बसू नयेत म्हणून आतली मापं मुद्दाम वेगळी ठेवलीयत. आणि घेणाऱ्या प्रत्येकाला सांगतो की आधी तुमच्याकडचा कायदा बघा, नेताना बंद पेटीतच न्या, रस्त्यात बाहेर काढू नका, समोरच्याला लांबून ती खरीच दिसते आणि घाबरलेला माणूस भरीव नळी तपासत बसत नाही.

सध्या टेबलावर एम१ गरँड आहे, अमेरिकन सैन्यानी १९३६ ला स्वीकारलेली. तिच्यात आठ गोळ्या एकत्र धरणारी धातूची क्लिप असते, शेवटची गोळी सुटली की रिकामी क्लिप टिंग करून बाहेर उडते. गोळी न झाडता तो टिंग कसा आणायचा यावर तीन स्प्रिंगा वाया गेल्यात, चौथी उद्या लावून बघायचीय.