सुतार की बडिगेर? सॉमिलचा परवाना नावावर करताना

बारा वर्षांचा असल्यापासून मी रंधा मारतोय, आता साठी उलटली. बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात आमची एका बँडसॉची, म्हणजे फिरत्या दातेरी पट्ट्याच्या करवतीची, लहान सॉमिल आहे. व्यापाऱ्यांचा माल आम्ही घेत नाही. लोक परसातला फणस, आंबा, बांधावरचा सागवान घेऊन येतात. त्यांना हव्या त्या मापाने चिरून द्यायचं आणि चिराई घ्यायची. परवाना वडिलांच्या नावावर, 1984 चा. वडील गेल्यावर तो माझ्या नावावर करण्यात पाच महिने गेले. आठवलं की अजून डोकं तापतं, म्हणून लिहितोय.

परवान्याला एवढं जपायचं का, तेही सांगतो. 2002 च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की न्यायालयानेच नेमलेल्या केंद्रीय समितीच्या परवानगीशिवाय राज्यांनी नवी सॉमिल उघडू द्यायची नाही. 2016 च्या केंद्राच्या सूचनांनंतर हे काम राज्यस्तरीय समितीकडे आलं, तरी नवा परवाना काढणं सोपं नाही. जुना हातचा गेला तर आमच्यासारख्याने मशीन भंगारात घालायचं.

मृत्यूचा दाखला, वंशावळ, दोघी बहिणींचं संमतीपत्र, कराची पावती हे सगळं पंधरा दिवसांत झालं. जानेवारीच्या शेवटी वनखात्याच्या ऑफिसात फाईल दिली.

आठ दिवसांनी टेबलावरचे साहेब म्हणाले, ‘हेसरु ब्यारे ऐति.’ नाव वेगळं आहे! परवान्यावर वडिलांचं आडनाव बडिगेर. माझ्या शाळेच्या दाखल्यावर आणि आधारवर सुतार. आता, कन्नडमध्ये बडिगेर म्हणजेच सुतार, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आजोबांचे कागद मुंबई राज्यातले, त्यांवर मराठीत सुतार. 1956 साली बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, पुढचे कागद कन्नडमध्ये झाले आणि कुणीतरी आडनावाचाही अर्थ लिहून टाकला. वडिलांनी कधी हरकत घेतली नाही. दोन्ही नावांनी हाक मारली तरी ते ओ द्यायचे.

मी म्हटलं, ‘साहेब, अर्थ एकच आहे की.’ ते म्हणाले, ‘काका, अर्थ चालत नाही, कागद आणा.’

नोटरीकडून प्रतिज्ञापत्र करून नेलं. ते पुरेना. कन्नड आणि मराठी अशा दोन पेपरांत जाहिरात दिली. तेव्हा साहेब रजेवर. पुढच्या खेपेला फाईल वरच्या ऑफिसला गेलेली, त्याच्या पुढच्या खेपेला ‘दोन्ही नावं असलेला जुना सरकारी कागद जोडावा’ असा शेरा मारून परत आलेली. हाच शेरा पहिल्या दिवशी सांगितला असता तर माझ्या सात खेपा वाचल्या असत्या. प्रत्येक खेपेला दिवस मोडायचा, आणि परवान्याची मुदत डिसेंबरातच संपल्यामुळे मिल बंद. विनापरवाना पट्टा फिरवायचा नाही, ही वडिलांची शिस्त मी मोडली नाही.

त्या उन्हाळ्यात शेजारच्या आक्कांचा फणसाचा ओंडका अंगणात पडून होता. पावसाआधी नव्या घराला चौकट हवी होती त्यांना. मी ओंडक्याच्या दोन्ही तोंडांना शेण लिंपलं, वर गोणपाट भिजवून टाकलं. तरी एप्रिलच्या उन्हात बुडाकडून चीर आली. रोज सकाळी उठून ती किती वाढली ते बघायचो. आक्का काही बोलल्या नाहीत, त्याचं जास्त वाईट वाटायचं.

कागद शेवटी वडिलांच्या हत्यारांच्या पेटीत सापडला. रंधे, पटाश्यांना गंज लागू नये म्हणून तळाशी तेलकट कागद घातलेले असायचे. पटाश्यांना धार लावायला काढल्या, तेव्हा खालची घडी उलगडली. थ्री-फेज जोडणीच्या अनामत रकमेची पावती! तेलाने अर्धी पारदर्शक झालेली, पण नाव स्वच्छ दिसत होतं : सुतार ऊर्फ बडिगेर. मी तिथेच भुशात बसलो. बायकोला हाक मारायलाही आवाज फुटेना.

ती पावती जोडल्यावर बारा दिवसांत जागेची पाहणी झाली. आणि हो, पाहणीआधी आवारातला प्रत्येक ओंडका स्वतः मोजून रजिस्टरशी ताडून घ्या. मध्यावरच्या घेराचा चौथा हिस्सा काढायचा, त्याचा वर्ग करून लांबीने गुणायचं. घेर 48 इंच, लांबी 10 फूट, तर बरोबर 10 घनफूट. माझं रजिस्टर तंतोतंत जुळलं, तेव्हा पाहणीला आलेल्या साहेबांनी मान डोलावली. त्याचा मला अभिमान आहे.

सीमाभागातल्या भावांनो, वडीलधारी माणसं हयात आहेत तोवर त्यांच्या सगळ्या कागदांवरची नावं एकदा शेजारी शेजारी ठेवून बघा. दोन नावं दिसली तर त्यांच्याच सहीने दुरुस्ती करून घ्या. फाईल देताना पोच घ्या, तारखेच्या शिक्क्यासह. त्रुटी तोंडी ऐकून परत येऊ नका, लिहून मागा. आणि परवानगीचा कागद नसलेला सागवान कुणीही आणला, अगदी सोयरा असला, तरी फाटकाच्या आत घेऊ नका.

मेच्या अखेरीस परवाना हातात पडला. दुसऱ्या दिवशी पट्ट्याला धार लावून आधी आक्कांचा ओंडका घेतला. पिवळाधमक भुसा उडाला, फणसाचा वास आवारभर पसरला. बुडाकडचं दीड फूट चिरेपायी सोडावं लागलं. उरलेल्यात चौकटीचे दोन्ही उभे आणि वरचं आडवं निघालं. उंबऱ्यासाठी मी माझ्याजवळचा सागवान घातला, त्याचे पैसे घेतले नाहीत.